उताऱ्यात नसलेलं वाक्य

३ फेब्रुवारी

ताई,

वर आणखी काय लिहायचं ते सुचलं नाही. नुसतं ताई पुरे.

एका प्रश्नाबद्दल विचारायचं आहे. प्रश्न नववा. उतारा असा: 'एका वसाहतीतल्या दोनशे घरांपैकी एकशे चाळीस घरांनी नवीन नळ बसवून घेतले. पुढच्या वर्षी त्या वसाहतीतला पाण्याचा वापर कमी झाला.' त्याखाली विधान: 'नवीन नळांमुळे पाण्याचा वापर कमी झाला.' उत्तरं पाचच असतात. खरे, बहुधा खरे, माहिती अपुरी, बहुधा खोटे, खोटे. त्यातलं एक निवडायचं.

मी 'खोटे' निवडलं. सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचतोय. नवीन नळ बसला की माणसं वर्षभर तो उगाच उघडून बघतात. वापर वाढतो. पुस्तकाच्या मागे उत्तर दिलंय: माहिती अपुरी. का, ते दिलेलं नाही.

तू आयुष्यभर मुलींना गणित शिकवलंस. म्हणून तुला विचारतोय.

हे कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. पाणी खात्यानं नवे मीटर आणलेत. ते आपला आकडा आपणच कचेरीत पाठवतात, वाचणारा लागत नाही. आम्ही एकतीस जण आहोत. जूनअखेर सगळे घरी. तक्रार तपासनिसाच्या दोन जागा निघाल्या आहेत. आमच्यातल्या कोणीही अर्ज करावा, अट एकच: चिकित्सक विचार चाचणी. कचेरीतल्या मुलीला मी विचारलं, अभ्यास कशाचा करायचा? ती म्हणाली, काका, याचा अभ्यास नसतो, फक्त विचार करायचा. मी म्हटलं, तो किती मार्कांना असतो? ती हसली नाही.

मी एक्कावन्न वर्षांचा आहे आणि मला दुसरं काही येत नाही. ही अजून दातांच्या डॉक्टरांकडे नोंदणीला बसते. मी दिवसभर घरात असलो तर संध्याकाळी घरी यावंसं वाटणार नाही, असं तिनं सांगून ठेवलंय.

फोन करणार होतो. पण फोनवर मी कसा बोलतो ते तुला ठाऊक आहे.

सहा वर्षं झाली. तू निवृत्त झालीस असं काकूकडून कळलं, तेव्हा आता तुला वेळ असेल. तू अजून रागावलेली असशीलच. जे झालं ते झालं. दोघांचंही थोडं थोडं चुकलं. पण या प्रश्नाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

चाचणी १४ मार्चला आहे.

तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी

ताई,

पाकीट फोडलं तर आत माझंच पत्र. मला वाटलं, न वाचता परत केलंस. मग तांबडी शाई दिसली.

नवव्या प्रश्नाशेजारी तू लिहिलंयस: 'तुला नळांबद्दल काय माहीत आहे, हे विचारलेलं नाही. उताऱ्यात काय आहे, हे विचारलंय.' बरं. हे कळलं. म्हणजे कळलं की नाही ते पुढे सांगतो.

पण तू तिथे थांबली नाहीस. 'आता तुला वेळ असेल' याखाली रेघ, आणि शेजारी: गृहीत. 'तू अजून रागावलेली असशीलच' याच्याशेजारी: माहिती अपुरी. 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं': हा निष्कर्ष आहे, आधार दे. आणि 'जे झालं ते झालं' याच्यावर नुसती फुली, खाली बारीक अक्षरात: यात माहिती काहीच नाही.

हिला दाखवलं. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. म्हणाली, तुझ्या बहिणीनं तुला दहापैकी दोन दिलेत, तेही अक्षराला. मी म्हटलं, ताईला मार्क द्यायची खोडच आहे. बाबा तुला वकीलसाहेब म्हणायचे ते उगाच नाही.

मला राग आला होता. एक दिवस टिकला. मग मी ते पत्र पुन्हा वाचलं, आणि मला एक गंमत कळली. शाईनं रंगलेल्या वाक्यांखेरीज जे उरतं ते सगळं नळांबद्दल आहे.

आता रोज संध्याकाळी अर्धा तास सराव करतो. ही फोनवर वेळ लावते. पंचवीस प्रश्नांत पहिल्या दिवशी माझे नऊ बरोबर आले. काल चौदा. आमच्यातला एक अर्ज करणारा आहे, लंबू म्हणतात त्याला सगळे. तो माझ्याच वयाचा. त्याचं म्हणणं, अडलं की 'क', म्हणजे पाचांतलं तिसरं, लिहायचं, प्रश्न काढणारी माणसं आळशी असतात आणि आळशी माणूस खरं उत्तर मधोमध लपवतो. त्याचे सोळा येतात.

माझं चुकतं कुठे ते आता मला दिसतं. मी उतारा वाचत नाही, मी त्या घरात जातो. सवयच तशी. सव्वीस वर्षांत मी फार थोड्या घरांच्या आत गेलो असेन. मीटर बाहेर असतो, फाटकापाशी, खड्ड्यात. पण मला आतलं कळतं. महिन्याला चार युनिट म्हणजे एकटा माणूस, रोज आंघोळ, साधा स्वयंपाक, आठवड्याचं धुणं. चारचे सात झाले म्हणजे कोणी तरी राहायला आलं. साताचे दहा झाले म्हणजे घरात मूल. एकदा एका बाईंना मी अभिनंदन म्हणालो, तर त्या दचकल्या. अजून त्यांनी सासूलाही सांगितलं नव्हतं. वापर मुलामुळे वाढला नव्हता, मूल व्हायला सहा महिने होते. पण मी बरोबर निघालो. चुकीच्या कारणासाठी बरोबर निघालेल्या माणसाला या चाचणीत काय देतात?

हे तुला विचारतोय. खरंच जाणून घ्यायचंय.

तुझा भाऊ


२ मार्च

ताई,

तुझा उतारा मिळाला. तो मी इथे पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे आपण दोघं एकाच उताऱ्याबद्दल बोलतोय एवढं तरी नक्की.

'एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात होती. मुलगा त्यांच्याच शहरात होता व दर महिन्याला त्यांच्या घराचा पाण्याचा मीटर वाचत असे. एका रविवारी मुलीने फोन करून विचारले, बाबांचा आवाज मला वेगळा वाटतो, मी येऊ का? मुलगा म्हणाला, परवाच पाहिलं, ठणठणीत आहेत, येऊ नकोस. एकोणीस दिवसांनी ते गृहस्थ न्हाणीघरात पडलेले आढळले. चौथ्या दिवशी रुग्णालयात वारले. मुलगी पोचली तेव्हा सर्व आटोपले होते. जमलेल्या नातेवाइकांसमोर मुलगा म्हणाला, तिला वेळेवर कळवलं होतं, तिनंच यायचं टाळलं.'

त्याखाली तुझी चार विधानं.

मुलाने मुलीला वेळेवर कळवले होते.

मुलीने यायचे टाळले.

फोनच्या आधी दोन दिवसांत मुलाने वडिलांना पाहिले होते.

नातेवाइकांसमोर बोलताना आपण खरे बोलत आहोत असे मुलाला वाटत होते.

आणि सगळ्यात खाली, शाई न बदलता: 'मला माफी नको. माहिती हवी.'

मी हे तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. दोनशे दहा घरं वाचली आणि दोनशे दहा फाटकांपाशी खिसा चाचपला. हिला दाखवलं नाही. हिला तो फोन माहीत नाही. जे मी सगळ्यांसमोर बोललो, तेच हिलाही सांगितलेलं आहे.

आधी एक तक्रार. उतारा नीट रचलेला नाही. चाचणीतल्या उताऱ्यात वाचणारा कोणी नसतो. इथे प्रश्न सोडवणाराच उताऱ्यात उभा आहे. असं चालत नाही.

दुसरं, ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्यानं प्रश्न विचारणं हेही बरोबर नाही. पहिल्या दोन विधानांचं उत्तर तुला माहीत आहे.

तरी लिहितो. पहिलं: खोटे, कळवलं ते बाबा गेल्यावर. दुसरं: खोटे.

तिसरं आणि चौथं सोडून देतो. आमच्या चाचणीत सोडलेल्या प्रश्नाचे मार्क कापत नाहीत.

काल पंचविसात सतरा.

तुझा भाऊ


१६ मार्च

ताई,

'माझ्या चाचणीत कापतात.' एवढंच लिहून कार्ड पाठवलंस. पोस्टमननं ते वाचलं असणार. देताना माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

परवा चाचणी झाली. तुला सांगायचंय, कारण दुसऱ्या कुणाला एवढी उत्सुकता नाही.

इमारत नवी होती. खाली फोन आणि घड्याळ जमा करून घेतलं. वर एक लांब खोली, भिंतीला तोंड करून बसायचं, दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. आम्ही एकोणीस जण. बारा जणांनी अर्जच केला नव्हता. एवढे मीटरवाचक मी एका छताखाली कधी पाहिले नव्हते. आम्ही सगळे उन्हातले लोक, त्या दिव्याखाली आजारी दिसत होतो. देखरेखीला एक तरुण बाई होती. तिनं सूचना वाचून दाखवल्या. त्यातली एक मला पाठ आहे: 'उताऱ्यात दिलेली माहिती खरी आहे असे मानून चालावे.'

चाळीस प्रश्न, अर्धा तास. पहिले दहा घाईत गेले. अकराव्याला एका बंद दुकानाचा उतारा होता. शटर खाली, बाहेर तीन दिवसांची वर्तमानपत्रं. विधान: 'दुकानदार गावाला गेला आहे.' माझा हात 'बहुधा खरे'वर गेला आणि थांबला. मी उतारा पुन्हा वाचला. शटर आणि वर्तमानपत्रं, बस. दुकानदाराबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी बाहेरचं बाहेर ठेवलं आणि आतलं मला माहीत नाही असं खूण करून सांगितलं. त्यानंतर मला मजा यायला लागली. खोटं वाटेल तुला, पण वेळ संपल्याचं वाईट वाटलं.

लंबू बाराव्या मिनिटाला उठून गेला. बाहेर भेटला तेव्हा चहा पिऊन झाला होता. म्हणाला, तू काय विचार करत बसलास? मी म्हटलं, तेच तर करायला सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. उतारा खरा मानून चाला म्हणतात. पण लिहिणाऱ्याला जेवढं माहीत, तेवढंच तो लिहिणार. तू लिहिलेल्या उताऱ्यात खोटं काहीच नाही, मी दहादा तपासला. पण त्यात एक वाक्य नाही. ते नाही म्हणून तिसऱ्या विधानाचं उत्तर उताऱ्यावरून देता येत नाही. ते वाक्य तुला माहीत नसल्यामुळे तू लिहिलं नाहीस. मला माहीत आहे.

ते लिहायला बसलो की पेन अडतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही.

तुझा भाऊ


४ एप्रिल

ताई,

चाळीसपैकी एकतीस. एकोणीस जणांत तिसरा. पाच जणांना मुलाखतीला बोलावलं, त्यात लंबूही. मुलाखत काल झाली.

टेबलापलीकडे तिघं. मधे एक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. डावीकडे एक गृहस्थ माझी फाइल चाळत होते. उजवीकडचे काही तरी लिहून घेत होते. कामाचे प्रश्न झाले. मग बाईंनी विचारलं, तुम्ही काढलेला एखादा निष्कर्ष चुकला असेल तर तो सांगा.

हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी तयारी केली होती. एका घराचा मीटर साठ युनिट दाखवत होता, मी गळती म्हणून कळवलं, माणसं फरशी फोडायला गेली, तर आत तो गृहस्थ कापडं रंगवत होता. चांगली गोष्ट आहे. हिच्यापुढे दोनदा म्हणून पाहिली होती, कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझ्या वडिलांचं घर माझ्याच भागात होतं."

आता ते वाक्य. मी आत जात नव्हतो. पाच महिने मी घराच्या आत गेलो नव्हतो.

भांडण नव्हतं. तू शोधशील म्हणून सांगतो, कारण मोठं काहीच नव्हतं. आत गेलं की बाबा बसवून घेत. तीच ती गोष्ट पुन्हा सांगत, तासभर. गल्लीतली सत्तावीस घरं उरलेली असत. एकदा म्हटलं, पुढच्या महिन्यात निवांत बसू. पुढच्या महिन्यात झाकण उचललं, आकडा घेतला, झाकण ठेवलं, पुढे गेलो. मला वाटलं, मला कळतंय ना ते कसे आहेत. पहिल्या महिन्यात चार. मग चार. मग पाच. मग नऊ. मग चौदा.

नऊ झाले तेव्हा मी खूश झालो. वाटलं, बाबा पुन्हा बागेत उतरले. चौदा झाले तेव्हा वाटलं, झाडं चांगली वाढली असणार. कुंपणाआड झाडं होती की वाळून गेली होती, तेवढं पाहायला टाच उचलावी लागली असती.

ते नळ बंद करायला विसरत होते. डॉक्टर म्हणाले, हा विसर कित्येक महिन्यांचा आहे. शेजारचे घड्याळवाले म्हणाले, यांच्या मोरीतलं पाणी दिवसभर वाहायचं, आम्हाला वाटलं मुलगाच खात्यात आहे, तो बघेल.

तू फोन केलास त्याच्या दोन दिवस आधी मी तिथे होतो. 'परवाच पाहिलं' म्हणालो. पाहिलं होतं ते चौदा. बाबांना पाहिलं नव्हतं. येऊ नकोस म्हणालो, कारण तू आली असतीस तर पहिल्या तासात विचारलं असतंस, हा शेवटचा घरात कधी आला होता?

तिसरं विधान: खोटे.

चौथं. काकांनी विचारलं होतं, कुणालाच कसं कळलं नाही? ते कुणा एकाला उद्देशून नव्हतं. पण खोलीतली सगळी माझ्याकडे बघायला लागली, आणि तू नुकतीच येऊन दारात चप्पल काढत होतीस. तोंडात आलं ते वाक्य मी बोललो. बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. बोलून झाल्यावर दोन-तीन वर्षांनी मला ते खरं वाटायला लागलं होतं. तेही तुझ्या माहितीसाठी.

चौथं: खोटे.

त्या तिघांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. आकडे सांगितले, आणि फोन. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, "हे तुम्ही बहिणीला सांगितलंय?"

मी म्हटलं, "नाही. आधी तुम्हालाच सांगतोय."

"उलट करायला हवं होतं."

"हो."

डावीकडच्या गृहस्थांनी विचारलं, तक्रार तपासनीस म्हणून यातून तुम्ही काय घ्याल? मी म्हणालो, विचार करून सांगतो. ते म्हणाले, सध्या एवढं पुरे.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. फोनही. ती म्हणाली, मी सहा वर्षं तिला नावं ठेवली रे. आणि आतल्या खोलीत गेली.

माफी तू मागितली नाहीस म्हणून लिहीत नाही.

तुझा भाऊ


२० एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. मी त्यावरून काही काढत नाही.

जागा दोन होत्या. एक आमच्यातल्याच एकीला मिळाली, एक लंबूला. माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. का, ते कागदावर नाही. बाबांचं सांगितलं म्हणून की शेवटचा प्रश्न पुढे ढकलला म्हणून, हे कळायला मार्ग नाही, आणि मी रोज एकदा तरी मार्ग शोधतो.

लंबू दोन दिवस फोन उचलत नव्हता. मग स्वतःच आला. दारातच म्हणाला, शेवटच्या भागात मी सगळे 'क' केले, वाचलेसुद्धा नाहीत. हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस, असं मी त्याला विचारलं. त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, थोडं दोन्ही. मला तो एकदम आवडला. जूनपर्यंत आम्ही दोघं मिळून फिरणार आहोत, तो मला म्हणाला, शेवटची फेरी एकट्यानं नको.

रविवारी काकांचा वाढदिवस होता. सगळी जमली होती, बाबा गेले तेव्हा होती तेवढीच, वजा तू. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. फोन काय झाला, मी काय बोललो, आत किती महिने गेलो नव्हतो. आकडे सांगितले नाहीत. तिथे ते कुणाला कळले नसते.

आत्या म्हणाली, अरे, आज कशाला? काका रुमालानं चष्मा पुसत राहिले. काकूनं सरळ विचारलं, "मग ती का नाही बोलली तेव्हा? एका वाक्यात तुझं पितळ उघडं पडलं असतं."

त्याचं उत्तर मग सगळ्यांनी दिलं. आत्या म्हणाली, दया आली तिला तुझी. काकूचं म्हणणं, हट्टी आहे पहिल्यापासून, स्वतःची बाजू मांडणं तिला कमीपणाचं वाटतं. चुलतभाऊ म्हणाला, तिलाही कुठे तरी वाटत असणार की फोनवर न विचारता सरळ निघून यायला हवं होतं. अर्धा तास त्यांची तुझ्यावर चर्चा चालली. प्रत्येकाचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि एकानंही तुला कधी विचारलेलं नव्हतं. मीही नाही.

सहा वर्षांत मी याचा विचारच केला नव्हता. तू बॅग उचललीस आणि गेलीस, एवढं मी पाहिलं. का, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर त्याचं उत्तर ऐकावं लागलं असतं. आता तो मला इतका पडलाय की मीटर वाचताना आकडा चुकतो.

पत्रात विचारणार नाही. तू शाईनं रेघ मारशील आणि कार्ड पाठवशील. तीन मेला दुपारच्या गाडीनं येतो. घरी नसशील किंवा भेटायचं नसेल तर तसं कळव, किंवा कळवू नकोस. मी येऊन जाईन.

तुझा भाऊ


३ मे

ताई,

हे तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. कागद चाचणीच्या प्रवेशपत्राचा आहे, मागची बाजू कोरी होती.

घराला कुलूप आहे. समोरच्या दारातून एक बाई कपड्यांची बादली घेऊन बाहेर आल्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांना तू काय सांगितलंयस कोण जाणे. म्हणाल्या, बाई सकाळीच बाहेर पडल्या. हातात पिशवी होती. मी विचारलं, कितीशी मोठी? त्या म्हणाल्या, पिशवीसारखी पिशवी. मी विचारलं, काही बोलल्या का जाताना? त्या म्हणाल्या, नेहमी काय बोलतात, तेच, येते म्हणाल्या. येते हे सगळेच म्हणतात.

मी येणार म्हणून तू गेलीस असं पूर्वी लगेच ठरवून टाकलं असतं. परतीचं तिकीटही काढलं असतं. घरी जाऊन हिला सांगितलं असतं, तिनं भेटायचं टाळलं.

आता दोन तास झालेत. त्या बाईंनी पाणी दिलं, मग खुर्ची दिली. खुर्चीवर बसलो नाही, इथूनच खालचं वळण दिसतं. मधे एक मुलगी चढून गेली, एक गृहस्थ उतरले. तुझ्या दारावरची पाटी वाचून झाली. पायपुसणं झटकलेलं आहे. खिडकीची एक काच उघडी आहे. यातून काय काय निघतं ते मला दिसतं, आणि मी ते काढत नाहीये. फार जड जातं हे. सव्वीस वर्षांची सवय आहे.

मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय. राग असला तर राग. मला आधीच माहीत असलेलं काही तू सांगणार नाहीस, एवढं नक्की, कारण तुझ्याबद्दल मला काहीच माहीत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटायला हवं. पण उत्सुकताच जास्त वाटते आहे.

खालचं दार वाजलं. कोणी तरी चढतंय, सावकाश, मधे थांबत. या जिन्यावर तीन मजल्यांची माणसं ये-जा करतात. पावलं तुझी आहेत असं मी म्हणत नाही. नाहीत असंही म्हणत नाही.

कागद मिटतो आणि उभा राहतो.